डोंगरातलं स्मशान: भोकरदनचे दाते आणि कान्हेरीचे भिक्खू

हेडफोन लावलेत ना? ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त थोडं नीट लावून घेतलंय.

आजचा विषय ऐकून काही जण दचकतील. आज आपण स्मशानाबद्दल बोलणार आहोत. भुताखेताच्या गोष्टी नाहीत हां! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात डोंगर कोरून जी वस्ती उभी राहिली, तिथली माणसं मेल्यावर कुठे जायची? लेण्यांत राहणारे शेकडो भिक्खू तिथेच म्हातारे झाले असणार आणि तिथेच वारले असणार. मग त्यांचं पुढे काय झालं? आपण भाजे-कार्ल्याला जातो, कान्हेरीला जातो, फोटो काढतो, वडापाव खाऊन परत येतो. पण हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

उत्तर तिथेच आहे, आपल्या डोळ्यांसमोर. आपण त्याच्या बाजूनं चालत जातो, कधी कधी तर त्याच्यावर बसून फोटो काढतो. पण तिथे पोचायच्या आधी जालना जिल्ह्यात एक चक्कर मारू. कारण या गोष्टीची दुसरी बाजू तिथे आहे.

भोगवर्धन नावाचं गाव

जालना जिल्ह्यातलं भोकरदन तुम्हाला माहीत असेल. तालुक्याचं गाव, केळणा नदीच्या काठावर. मराठवाड्यातल्या जुन्या गावांना असते तशी इथेही पांढर आहे. पांढर म्हणजे माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यावर परत घरं बांधली, असं होत होत साठलेलं मातीचं टेकाड. धाब्याच्या घरावर टाकायला हीच पांढरी माती नेतात. आणि नेता नेता कधी मणी सापडतो, कधी जुनं नाणं.

१९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोन अभ्यासकांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. मातीखालून सातवाहन काळातलं एक नांदतं गाव वर आलं. त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्तीही होती. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथे १९३८ मध्ये भारतातून गेलेली एक हस्तिदंती मूर्ती सापडली होती. आपली भोकरदनची मूर्ती तिची नात्यातली शोभते. म्हणजे हे गाव कुठेतरी कोपऱ्यात पडलेलं नव्हतं. बाजारपेठ होती, कारागीर होते, लांबलांबचे संबंध होते.

या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. आणि हे नाव आपल्याला कुठे वाचायला मिळतं माहितीये? सांचीला! मध्य प्रदेशातल्या सांचीच्या दगडांवर दान देणाऱ्यांची शेकडो नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनहून आलेले लोक आहेत. भारहुतच्या स्तूपावरही हे गाव भेटतं. मॅपवर बघा, भोकरदन ते सांची सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटर होतात. तेव्हा ना समृद्धी महामार्ग, ना रेल्वे. बैलगाडी, तांडा, नाहीतर पायी.

एवढ्या लांब जाऊन, किंवा एवढ्या लांब पैसे पाठवून, हे लोक नेमकं कशासाठी दान देत होते? स्तूपासाठी. आणि स्तूप म्हणजे मुळात काय?

स्तूप म्हणजे अस्थींची जागा

शाळेत आपण स्तूप म्हणजे 'अर्धगोलाकार बौद्ध वास्तू' असं पाठ केलं. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण स्तूप हे मुळात मेलेल्या माणसाच्या अस्थींवर उभं केलेलं स्मारक आहे. बुद्धांच्या देहाला अग्नी दिल्यावर अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले, ही परंपरा तुम्ही ऐकली असेल. महापरिनिब्बान सुत्तात तर कुणाकुणासाठी स्तूप बांधावा याची यादीच आहे: बुद्ध, प्रत्येकबुद्ध, बुद्धांचा शिष्य आणि चक्रवर्ती राजा. यातला 'शिष्य' हा शब्द लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्या शब्दावर उभी आहे.

सांचीला मोठ्या स्तूपाच्या जवळच एक लहान स्तूप आहे, क्रमांक तीनचा. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो उघडला. आत दोन दगडी पेट्या होत्या आणि त्यांत लहान डब्या. सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धांच्या दोन पट्टशिष्यांच्या त्या अस्थी. डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं एकेक अक्षर लिहिलेलं होतं. एकावर 'स', दुसऱ्यावर 'म'. आपण लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावतो ना, अदलाबदल होऊ नये म्हणून, तसंच! दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काळजीनं ते अक्षर लिहिलं आणि झाकण बंद केलं. त्या अस्थी पुढे लंडनच्या म्युझियममध्ये गेल्या आणि बऱ्याच वर्षांनी परत आल्या. १९५२ मध्ये त्या सांचीला नव्या विहारात ठेवल्या गेल्या.

सांचीचा दुसऱ्या क्रमांकाचा स्तूप तर वेगवेगळ्या आचार्यांच्या अस्थींसाठीच होता. म्हणजे भोगवर्धनच्या माणसांनी ज्या डोंगरासाठी दान दिलं, तो एका अर्थानं थोरामोठ्यांच्या समाध्यांचा डोंगर होता.

त्याआधी काय होतं?

इथे एक मिनिट थांबून जरा मागे जाऊ, म्हणजे यात नवं काय होतं ते कळेल.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खणलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनच्या शेतकऱ्यांचं हे गाव. ही माणसं आपल्या मेलेल्यांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायची. लहान मूल गेलं, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मूल त्यात. मोठ्या माणसाला सरळ खड्ड्यात, डोकं उत्तरेला, आणि बऱ्याचदा घोट्याखालचे पाय तोडलेले! मेलेला माणूस उठून लांब जाऊ नये म्हणून असेल, असा एक तर्क आहे.

विचार करा. ज्या जमिनीखाली मूल पुरलंय, तिच्यावरच चूल पेटतेय. मेलेला माणूस घरातच राहतोय. पण नाव? नाव कुठेच नाही. लिपीच नव्हती.

नंतर आपल्याकडे दहन रूढ झालं आणि मृत्यू घराबाहेर गेला. अजूनही गावाकडे अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात. सुतक पाळतात, दहा दिवसांनी सगळं धुऊन काढतात. जिवंत माणसांची जागा वेगळी आणि मेलेल्यांची वेगळी, हा आपला नियम.

हा नियम डोंगरातल्या लेण्यांनी मोडला.

भाजे: कातळातले चौदा स्तूप

लोणावळ्याच्या अलीकडे मळवली स्टेशन आहे. तिथून भाजे लेण्यांकडे चालत जाता येतं. वर गेल्यावर लाकडी कमानी असलेलं मोठं चैत्यगृह दिसतं, सगळे तिथेच फोटो काढतात. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी.

चैत्यगृह बघून झालं की त्याच रांगेत पुढे चालत राहा. एका जागी दगडाचे बुटके गोल स्तूप दाटीवाटीनं उभे दिसतील. मोजा. चौदा. पाच कातळाखाली आत, नऊ बाहेर. काही माणसाच्या उंचीचे, काही लहान. सगळे त्याच डोंगराच्या दगडातून कोरून काढलेले. बाहेरून आणून ठेवलेले नाहीत, आजूबाजूचा खडक काढून टाकला आणि हे उरले.

बरेच लोक विचारतात, ही काय शिवलिंगं आहेत का? कुणी म्हणतं खांब असतील, छत पडलं असेल. नाही. ही भाज्याच्या भिक्खूंची समाधिस्थळं आहेत. काहींच्या माथ्यावर अस्थी ठेवण्यासाठी केलेली खाच आहे. आणि काहींवर नावं आहेत.

त्यातली दोन नावं सांगतो: धम्मगिरी आणि संघदिन. लेख अगदी छोटे. थेर, म्हणजे वडीलधारे भिक्खू, भदंत अमुक, यांचा स्तूप. संपलं. आता यातली गंमत बघा. प्राकृतात इथे नाव एकवचनात लिहिलेलं नाही, अनेकवचनात लिहिलंय. माणूस एकच, पण 'धम्मगिरीचा' न म्हणता 'धम्मगिरींचा' म्हटलंय. आपण मराठीत 'आजोबा आले' म्हणतो, 'सरांचा फोन आला' म्हणतो, तसंच आदरार्थी अनेकवचन! बावीसशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल त्या दगडावर 'अहो-जाहो' केलंय. ते एक अनुस्वाराचं टिंब वाचलं की तो दगड नुसता दगड राहत नाही.

अजून एक. दान देणाऱ्यांचे लेख आणि हे समाधीचे लेख शेजारी ठेवून वाचा. दाता स्वतःची पूर्ण ओळख देतो. पितळखोऱ्याला पैठणचा मित्रदेव सांगतो की आपण गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या घरातले. भारहुतला नाशिकची गोरक्षिता सांगते की आपण वासुकाची बायको. गाव, धंदा, बाप, नवरा, सगळं येतं. आणि भाज्याला गेलेल्या थेरांच्या नावापुढे? गाव नाही, कूळ नाही, बापाचं नाव नाही. घर सोडून आलेला माणूस, त्याचं घर लेखातही सुटलंय.

मग त्याच्यामागे कुणी रडणारं होतं की नाही? होतं. त्यासाठी बेडश्याला जाऊ.

बेडसे: शिष्यानं बांधलेला स्तूप

कामशेतजवळ, पवनेच्या खोऱ्यात बेडसे लेणी आहेत. तिथे एक छोटा दगडी स्तूप आहे आणि जवळच कातळावर लेख. हा स्तूप गोभूती नावाच्या भिक्खूंचा. लेखात त्यांच्याबद्दल सांगितलंय की ते अरण्यात राहणारे होते, भिक्षेवर जगणारे होते आणि मारकुड नावाच्या ठिकाणचे रहिवासी होते. आणि हा स्तूप करवला कुणी? त्यांच्या शिष्यानं, आसाळमितानं. हे नाव आजच्या भाषेत आषाढमित्र म्हणता येईल.

आपल्याकडे मेलेल्यासाठी जे करायचं ते मुलगा करतो. गोभूतींना मूल नव्हतं, निदान डोंगरावर तरी नव्हतं. ते काम शिष्यानं केलं. रानात राहून भीक मागून खाणाऱ्या माणसाची ना जमीन राहिली ना घर. राहिला एक शिष्य, आणि त्या शिष्यानं दगडावर नाव ठेवलं. मला वाटतं, महाराष्ट्रातला हा सगळ्यात जुन्या श्रद्धांजलींपैकी एक लेख असावा, आणि तो एका ओळीचा आहे.

कान्हेरी: डोंगरावरचं शहर, डोंगरावरचं स्मशान

आता मुंबईत येऊ. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. शंभराहून जास्त लेणी. जुन्या लेखांमध्ये या डोंगराचं नाव कृष्णगिरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरुवात झाली आणि हजारेक वर्षं इथे माणसांचा राबता राहिला. कान्हेरीला लेणी म्हणण्यापेक्षा डोंगरावरचं शहर म्हणावंसं वाटतं. जागोजागी कातळात खोदलेल्या पायऱ्या, जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर पाण्याचं टाकं, पाऊस टाक्यात वळवणारे बारीक पाट, दाराशी बसायला बाक. आजच्या सोसायटीच्या जाहिरातीत लिहितात तसं: चोवीस तास पाणी!

शहर म्हटलं की स्मशान आलंच. कान्हेरीचं स्मशान डोंगराच्या एका कडेला, पुढे आलेल्या कातळाच्या छताखाली, लांबलचक ओसरीसारख्या जागेत आहे. लेणे क्रमांक ८७ शोधा. तिथे विटांच्या आणि दगडांच्या लहान लहान स्तूपांचे पाये आहेत. एकेकाळी शंभरच्या आसपास स्तूप इथे असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज उरलेत ते बहुतेक चौथरे. माहीत नसेल तर वाटतं, कुणाचं तरी बांधकाम अर्धवट राहिलंय आणि राडारोडा पडलाय.

या राडारोड्याला आवाज दिला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या पुराभिलेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी. इथे मिळालेल्या दगडी पाट्यांवरचे २९ स्मृतिलेख त्यांनी वाचले. अक्षरांच्या वळणावरून ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले. प्रत्येक पाटी एका गेलेल्या भिक्खूची. भाज्याला फक्त नाव होतं, इथे नावासोबत त्या माणसानं आयुष्यात काय साधलं तेही आहे: कुणी अर्हत, कुणी अनागामी, कुणी तीन विद्या मिळवलेला, कुणी सहा अभिज्ञा मिळवलेला. पदवी लिहितो ना आपण नावापुढे, तशी. फक्त या पदव्या ध्यानाच्या.

अजून एक धागा जोडतो. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहासमोर, म्हणजे लेणे क्रमांक ३ समोर, १८३९ मध्ये जेम्स बर्ड नावाच्या डॉक्टरनं स्तूप खणले. तांब्याचे दोन कलश निघाले. राख, माणिक, मोती, सोन्याचे तुकडे, एक सोन्याची डबी, एक चांदीची डबी. सोबत एक ताम्रपट, त्यावर त्रैकूटक संवत् २४५, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाची शेवटची वर्षं. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुचीनं हा चैत्य उभारला, असं त्यात आहे. आणि कुणासाठी? शारद्वतीपुत्रासाठी. म्हणजेच सारिपुत्तासाठी! ज्याच्या डबीवर सांचीला 'स' लिहिला होता, तोच. एक माणूस भोगवर्धनहून सांचीला दान देतो, पाचशे-सहाशे वर्षांनी दुसरा माणूस सिंधकडून कान्हेरीला येतो, आणि दोघांच्याही श्रद्धेच्या टोकाला तीच माणसं.

राखेशेजारी राहायचं कशाला?

आता मुख्य प्रश्न. विहारात राहणाऱ्यांनी मेलेल्यांना एवढं जवळ का ठेवलं? जिथे जेवायचं, झोपायचं, ध्यानाला बसायचं, तिथेच शेजारी राख?

अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी भाजे, बेडसे आणि कान्हेरीचे हेच पुरावे घेऊन एक मुद्दा मांडला. ते म्हणतात, या भिक्खूंसाठी त्यांचे गेलेले थेर पूर्ण गेलेले नव्हतेच. ते विहाराचे रहिवासीच होते. म्हणून त्यांना गावाबाहेर नाही, वस्तीतच जागा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संन्याशाला आपल्याकडे जाळत नाहीत, समाधी देतात. आळंदीला जाणारा वारकरी ज्ञानेश्वर माउली सातशे वर्षांपूर्वी गेले असं बोलत नाही, माउली तिथे आहेत असं म्हणतो. जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांची समाधी सज्जनगडावर आहे, आणि लोक गडावर 'समर्थांना भेटायला' जातात. धर्म वेगळे, काळ वेगळा, पण गेलेल्या गुरूला जागा देऊन आपल्यातच ठेवायचं, ही सवय या मातीत फार जुनी आहे. थेरांचे स्तूप हा तिचा कातळात कोरलेला जुना पुरावा.

पण याला दुसरी बाजूही आहे, तीही बोलायला पाहिजे. भाज्याचा डोंगर ज्यांनी छिन्नीनं फोडला त्या पाथरवटांच्या समाध्या कुठे आहेत? भोगवर्धनच्या बाजारात ज्यांनी हस्तिदंत कोरला त्यांच्या राखेचं काय झालं? थेरांना जागा मिळाली, कारण संघाच्या मते ते त्या लायक होते. दात्यांना नाव मिळालं, कारण त्यांच्याकडे द्यायला काहीतरी होतं. बाकीचे पांढरीच्या मातीत मिसळले. मेल्यावर जागा कुणाला मिळणार, हा प्रश्न तेव्हाही होता. आपल्या कित्येक गावांत अजूनही जातीप्रमाणे स्मशान वेगळं आहे, त्यामुळे तो आजही सुटलेला नाही.

पुढच्या वेळी गेलात तर

भाजे, बेडसे, कान्हेरी ही तिन्ही ठिकाणं राष्ट्रीय संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली. आता अशा स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्याचं सोडा. आपल्या आजीच्या समाधीवर चढून कुणी रील काढली तर कसं वाटेल? भाज्याच्या त्या बुटक्या स्तूपांवर खडूनं बदाम काढताना, कान्हेरीची एखादी सैल वीट सहज उचलून बाजूला टाकताना, आपण नेमकं तेच करत असतो. लेख म्हणजे दगडावरचा मिलिमीटरभर खोल ओरखडा. त्यावर बूट घासले की 'धम्मगिरींचा' यातलं टिंब जातं. ते परत येत नाही.

तर पुढच्या पावसाळ्यात ट्रेकला जाल तेव्हा एवढं करा. चैत्यगृहातले फोटो झाले की रांगेत पुढे चाला. स्तूप मोजा. लेख दिसला तर हात न लावता, तिरप्या उजेडात बघा, अक्षरं उठून दिसतात. आणि सोबतच्या मित्राला सांगा की हे खांब नाहीत, ही माणसं आहेत.

भोकरदनचे कुणी ऐकत असाल, तर तुमच्या गावची पांढर सांभाळा आणि शेजारच्या पोरांना सांगा की आपलं गाव सांचीच्या दगडावर लिहिलेलं आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या भागात अशी एखादी जुनी समाधी, स्तूप, वीरगळ असेल तर आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!